टू-स्ट्रोक इंजिन : स्ट्रोक वाढवावा की कॉनरॉड लांब करावा?

बोअर_स्ट्रोक

मंडळी, ६४ × ५४ मापाचं (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६४ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ५४ मिमी) दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण उघडून टेबलावर मांडलंय. यामाहा आरडी ३५० मुळे हे माप बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल. ३४७ सीसी. कॉनरॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, केंद्र ते केंद्र ११० मिमी. इनटेकला रीड व्हॉल्व्ह (दाबाच्या फरकाने आपोआप उघड-मीट होणारी पातळ झडप) आहे. क्रँक झिजलीय, म्हणजे ती नाहीतरी बदलायचीच आहे.

पर्याय तीन दिसतात. एक, आहे त्याच मापाची नवी क्रँक. दोन, स्ट्रोक ५४ चाच, पण कॉनरॉड ११५ चा. तीन, ५८ मिमी स्ट्रोकची क्रँक, म्हणजे ३७३ सीसी.

लोकांना विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं लांब रॉडने पिस्टन वर जास्त वेळ थांबतो आणि ताकद वाढते. कुणी म्हणतं आखूड रॉड बरा, खालून ओढ चांगली मिळते. स्ट्रोकबद्दल तर "टॉर्क वाढतो" यापुढे कुणी बोलत नाही. मला का आणि किती हे समजून घ्यायचंय. आकड्यांची भीती नाही, सविस्तर लिहा.

जुना_फिटर

पहिली गोष्ट मनात पक्की बसवा. यातलं बरंचसं बोलणं फोर-स्ट्रोकवाल्यांकडून आलंय. त्यांच्याकडे हवेचा रस्ता उघडायला हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात आणि ते कॅमशाफ्टच्या हुकमावर चालतात. क्रँक बदलली तरी व्हॉल्व्ह आपल्या वेळेलाच उघडणार.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हाच व्हॉल्व्ह. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं म्हणजे पोर्ट. त्याचा माथा एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर (क्रँकभोवतीच्या पेटीतून, म्हणजे क्रँककेसमधून, मिश्रण वर आणणारा पोर्ट) उघडतो, रीड नसेल तर खालचा घेर (स्कर्ट) इनटेकही उघडतो. म्हणून क्रँक किंवा रॉडचं माप हलवलं की पोर्टच्या वेळा आपोआप हलतात. "स्ट्रोक वाढवला, बाकी काही केलं नाही" असं जो सांगतो त्याने नकळत सगळी पोर्टिंग बदललेली असते. तेव्हा विचार पोर्टपासून सुरू करा, क्रँकपर्यंत नंतर या.

अंशमापक

फिटरकाकांच्या मुद्द्याला आकडे जोडते.

पिस्टन टीडीसीपासून, म्हणजे त्याच्या सर्वात वरच्या जागेपासून, किती खाली आलाय ते असं निघतं : स्ट्रोकचा अर्धा म्हणजे क्रँकची त्रिज्या र, रॉडची लांबी ल, क्रँकचा कोन θ.

अंतर = र(१ − कॉस θ) + ल − √(ल² − र² साइन² θ)

पहिला भाग एकट्या क्रँकचा. दुसरा भाग रॉड तिरपा होण्यामुळे येतो. रॉड अनंत लांब असता तर दुसरा भाग शून्य झाला असता आणि पिस्टन वर-खाली अगदी सारखा चालला असता. प्रत्यक्षात रॉड तिरका झाला की पिस्टनला थोडा जास्त खाली खेचतो. तुमच्या मापात, र = २७ आणि ल = ११०, क्रँक ९० अंश फिरली तेव्हा पिस्टन २७ मिमी नाही, ३०.४ मिमी खाली असतो. म्हणजे पिस्टन वरचा अर्धा प्रवास लवकर आटपतो आणि क्रँकचे जास्त अंश खालच्या अर्ध्यात घालवतो. टू-स्ट्रोकचे एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट नेमके त्या खालच्या अर्ध्यात आहेत.

आता रॉड ११५ करा. त्याच ९० अंशांना पिस्टन ३०.२ वर. फरक फक्त ०.१५ मिमी.

पोर्टच्या भाषेत बोलू. समजा एक्झॉस्ट एकूण १९० अंश उघडा आहे आणि ट्रान्सफर १२८. टीडीसीपासून मोजलं तर एक्झॉस्टचा वरचा काठ २८ मिमीवर येतो आणि ट्रान्सफरचा ४१.५ वर. पिस्टनचा माथा टीडीसीला पूर्वीच्याच जागी ठेवून रॉड ११५ केला, तर एक्झॉस्ट साधारण १८९.४ होतो आणि ट्रान्सफर १२७.४. दोन्हीकडे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त घट. ब्लॉक ओतताना पोर्टच्या उंचीत जो फरक पडतो तो कित्येकदा याहून मोठा असतो.

"वर जास्त वेळ थांबतो" हेही तपासलं. टीडीसीजवळ पिस्टन ठरावीक अंतराच्या आत जितके अंश राहतो, त्यात ११० वरून ११५ ने ०.४ टक्के वाढ होते. हजारात चार. तेवढ्यावर ज्वलन बदलत नाही.

बोअर_स्ट्रोक

ताई, खूप आभार. मग लोक लांब रॉड टाकतात तरी का? काहीतरी फायदा जाणवत असेलच ना?

पाईपवेडा

जाणवतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं.

पाच मिमी लांब रॉड बसवायचे रस्ते दोन. एकतर असा पिस्टन घ्यायचा ज्याची गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) पाच मिमी वर आहे. मग ब्लॉक जागेवरच राहतो. दुसरा रस्ता म्हणजे ब्लॉकखाली पाच मिमीचा स्पेसर टाकून तो उचलायचा. दुसऱ्यात क्रँककेसचं घनफळ वाढतं. ६४ बोअरचं क्षेत्रफळ ३२१७ चौरस मिमी, गुणिले पाच, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे १६ सीसी. शिवाय ट्रान्सफरच्या नळीलाही पाच मिमी लांबी मिळते, तिचं खालचं तोंड क्रँकपासून दूर जातं आणि वळण सौम्य करायला वाव मिळतो.

त्या १६ सीसीचा अर्थ तुमच्या सायलेन्सरवर ठरतो. एकेकाळी क्रँककेस जितकी घट्ट तितकी चांगली असं मानत. रिकाम्या जागा भरून काढायचे, म्हणजे खालचा दाब वाढेल आणि मिश्रण जोरात वर जाईल. साधा सायलेन्सर आणि कमी आरपीएम असेल तर ते आजही बरोबर आहे. पण नीट मोजून केलेला एक्सपान्शन चेंबर (मध्ये फुगीर असलेला खास एक्झॉस्ट पाईप) असेल, तर बीडीसीच्या (पिस्टनची सर्वात खालची जागा) आसपास पाईपमधून परत आलेली ओढीची लाट ट्रान्सफरमधून थेट क्रँककेसमधलं मिश्रण वर खेचते. अशा वेळी खाली मोठा साठा असलेला बरा. शर्यतीच्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हळूहळू मोठ्या होत गेल्या त्या याचमुळे. लांब रॉडला मिळालेलं बरंचसं श्रेय मुळात या घनफळाचं आणि ट्रान्सफरच्या वाटेचं आहे.

अर्थात १६ सीसी म्हणजे क्रांती नव्हे. तुमच्या क्रँककेसचं प्राथमिक कॉम्प्रेशन (पिस्टन खाली येताना तिथलं मिश्रण किती पट दाबलं जातं) १.४० धरलं तर स्पेसरनंतर ते १.३९ च्या जवळ येईल. दिशा योग्य, पाऊल लहान.

जुना_फिटर

पाईपवेडा यांनी क्रँककेसच्या घनफळाचं सांगितलं. रॉडच्या लांबीचा स्वतःचा असा फायदा मला दिसतो तो घासण्यात.

रॉड तिरपा असताना पिस्टनला बोअरच्या भिंतीवर ढकलतो. ५४ स्ट्रोक आणि ११० रॉडला सर्वात मोठा तिरपेपणा १४.२ अंश. ११५ ला १३.६. भिंतीवरचा जोर साडेचार-पाच टक्के उतरतो. फोर-स्ट्रोकमध्ये ती भिंत सलग असते. आपल्याकडे तिला भोकं पाडलेली असतात, आणि एक्झॉस्टकडची बाजू तर तापलेली आणि तेल कमी असलेली. त्या भिंतीवर पिस्टन कमी रेटला गेला तर त्याचा घेर कमी झिजतो आणि पिस्टन पकडायची (बोअरमध्ये जाम व्हायची) शक्यता उतरते. मी लांब रॉडकडे टिकाऊपणासाठी बघतो, ताकदीसाठी नाही.

लेथवाला

काकांशी सहमत. माझ्याकडे क्रँका दाबायला येतात त्यावरून एक भर घालतो. लांब रॉड म्हणजे जड रॉड. मोठ्या टोकाच्या बेअरिंगवर तेवढा भार चढतो. पाच मिमीला फारसं बिघडत नाही, पण "मिळेल तितका लांब" असा हट्ट धरू नका. टू-स्ट्रोकमध्ये रॉड स्ट्रोकच्या दुपटीच्या आसपास ठेवतात. वेस्पा पीएक्स बघा, १२५, १५० आणि २०० तिन्हींना स्ट्रोक ५७ च. पण १२५-१५० ला रॉड १०५ चा आणि २०० ला ११० चा. दुपटीहून थोडा कमीच, आणि तरी वर्षानुवर्षं चालतात. तुमचा ११० दुपटीच्या किंचित वर आहे. म्हणजे सुरुवातच चांगली आहे.

बोअर_स्ट्रोक

म्हणजे निव्वळ ताकदीसाठी दुसरा पर्याय बाद. आता तिसऱ्यावर या. ५८ स्ट्रोक केला तर नेमकं काय काय हलतं?

अंशमापक

इथे मात्र आकडे मोठे आहेत, म्हणून सावकाश लिहिते.

स्ट्रोक चार मिमी वाढला म्हणजे क्रँकपिन केंद्रापासून दोन मिमी बाहेर गेली. पिस्टन दोन मिमी जास्त वर जाणार आणि दोन मिमी जास्त खाली. वरच्या दोन मिमीचं काहीतरी करावं लागेल, नाहीतर पिस्टन हेडला लागेल.

पहिली रीत : ब्लॉकखाली दोन मिमीचा स्पेसर. टीडीसीला पिस्टनचा माथा पुन्हा पूर्वीच्या जागी आला, हेडला हात लावायला नको. सोपं वाटतं, म्हणून बहुतेक जण हेच करतात. पोर्टचं काय झालं ते पाहा. काठ टीडीसीपासून तेवढ्याच मिमीवर आहेत, पण आता पिस्टन तेवढं अंतर कमी अंशांत कापतो. रॉड ११० चाच ठेवून :

एक्झॉस्ट १९० वरून १९९ अंश.
ट्रान्सफर १२८ वरून जवळजवळ १४४ अंश.

ट्रान्सफरमध्ये सोळा अंशांची उडी! शिवाय एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचा अवधी, म्हणजे ब्लोडाऊन, ३१ अंशांवरून पावणेअठ्ठावीसवर आला. जळालेला वायू बाहेर पडायला वेळ कमी आणि आता तो बाहेर काढायचाय जास्त. ट्रान्सफर उघडताना सिलिंडरमधला दाब उतरलेला नसेल तर वायू उलटा ट्रान्सफरमध्ये शिरतो आणि नवं मिश्रण तापवतो, नासवतो. सीसी वाढूनही वरच्या आरपीएमला इंजिन का धापतं, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

दुसरी रीत : स्पेसर नाही. ब्लॉक जागेवर, पिस्टन दोन मिमी वर येऊ द्यायचा आणि हेड लेथवर दोन मिमी खोल करून घ्यायचं. मग पोर्टचे काठ नव्या टीडीसीपासून दोन मिमी दूर जातात आणि गणित बरंच सावरतं :

एक्झॉस्ट १९१ अंशांच्या थोडं वर.
ट्रान्सफर साधारण १३४.
ब्लोडाऊन २८.५.

एकाच क्रँकने, एकाच ब्लॉकने दोन वेगळी इंजिनं तयार होतात. फरक एका दोन मिमीच्या पत्र्याचा.

पाईपवेडा

ताईंनी जे लिहिलंय ते छापून कामाच्या टेबलावर लावा. माझ्याकडून दोन पुरवण्या.

पिस्टन खाली जास्त जातो त्याने पोर्ट मोठा होत नाही. मूळ इंजिनात बीडीसीला पिस्टनचा माथा पोर्टच्या तळाशी बरोबर येतो. पहिल्या रीतीत तो तळाच्या चार मिमी खाली जातो, दुसरीत दोन. ते मिलिमीटर वाया. वापरायचे असतील तर पोर्टचा तळ खाली उतरवावा लागतो आणि तिथे ट्रान्सफरची दिशा बिघडायचा धोका असतो. एक्झॉस्टचा तळ उतरवणं त्यामानाने सोपं.

पाईपचंही ऐका. ताकद कुठल्या आरपीएमला मिळणार ते मुख्यत्वे पाईपची लांबी आणि एक्झॉस्टचे अंश मिळून ठरवतात. स्ट्रोक वाढवला आणि पाईप तोच ठेवला तर इंजिन आपोआप खालच्या आरपीएमवर येत नाही. ते त्याच आरपीएमला पळायला बघतं, फक्त आता पिस्टन जास्त वेगाने धावत असतो.

बोअर_स्ट्रोक

जास्त म्हणजे किती? माझं कमाल ९००० धरून सांगाल का?

अंशमापक

पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे दोन गुणिले स्ट्रोक गुणिले सेकंदाचे फेरे. ९००० ला ५४ चा वेग १६.२ मीटर प्रति सेकंद, ५८ चा १७.४. जुना वेग राखायचा असेल तर ५८ ला साधारण ८४०० वर थांबा.

खरा ताण मात्र त्वरणाचा. टीडीसीला पिस्टन थांबून उलटा वळतो तिथे ते सर्वात जास्त : र गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले (१ + र/ल). ९००० आरपीएमला :

५४ आणि ११० : २९,८७० मीटर प्रति सेकंद वर्ग.
५४ आणि ११५ : २९,६१०.
५८ आणि ११० : ३२,५५०.
५८ आणि ११५ : ३२,२६०.

स्ट्रोकने नऊ टक्के वाढवलं आणि पाच मिमी लांब रॉडने त्यातला एक टक्का परत दिला. रॉड आणि स्ट्रोक यांच्या प्रभावाचं प्रमाण या चार ओळींत दिसतं.

जुना_फिटर

हे त्वरण रिंगला भोवतं. टीडीसीजवळ पिस्टन वेगाने मंदावतो तेव्हा रिंग आपल्या जडत्वाने वर उचलली जाऊ पाहते. वायूचा दाब तिला खाली आणि बाहेर धरून ठेवतो. त्वरण एका मर्यादेपलीकडे गेलं की रिंग खोबणीत फडफडते, वायू तिच्या बाजूने निसटतो, पिस्टनचा घेर तापतो. पातळ रिंग हलकी, तिची मर्यादा वर असते. स्ट्रोक वाढवून आरपीएम तेच ठेवायचे असतील तर रिंगच्या जाडीकडे लक्ष द्या. जुन्या जाड रिंगवर ५८ आणि ९००० मला पटत नाही.

सागरी_यंत्रज्ञ

थोडं विषयाबाहेर, पण जवळचंच. मी जहाजावरच्या टू-स्ट्रोकवर काम करतो. वार्टसिला आरटी-फ्लेक्स ९६सी घ्या. बोअर ९६० मिमी, स्ट्रोक २५०० मिमी आणि फेरे मिनिटाला फक्त १०२. पिस्टनचा सरासरी वेग ८.५ मीटर प्रति सेकंद, तुमच्या इंजिनाच्या जवळपास निम्मा. एमएएनच्या जी८० मध्ये ८०० बोअरला ३७२० स्ट्रोक आहे.

इतका लांब स्ट्रोक आम्हाला दोन कारणांनी जमतो. एक्झॉस्ट हेडमधल्या व्हॉल्व्हमधून जातो आणि बोअरच्या तळाशी फक्त हवेचे पोर्ट असतात. हवा खालून शिरून सरळ वर जाते, तिला वळसा घालून परतावं लागत नाही. आणि पिस्टनखाली क्रॉसहेड, म्हणजे सरळ पट्ट्यांवर सरकणारा सांधा, असतो. रॉडचा आडवा रेटा त्याच्या पट्ट्या घेतात, बोअरच्या भिंतीपर्यंत तो पोचतच नाही. त्यामुळे आम्ही रॉड उलट आखूड ठेवून इंजिनाची उंची वाचवतो. तुमच्याकडे दोन्ही सोयी नाहीत. म्हणून स्ट्रोक बोअरच्या जवळपास आणि रॉड स्ट्रोकच्या दुप्पट, असं गणित तुमच्याकडे स्थिरावलंय.

बोअर_स्ट्रोक

वा, ही बाजू माहीतच नव्हती. पण मग शर्यतीच्या इंजिनांत बोअर मोठा आणि स्ट्रोक लहान का करत नाहीत? फोर-स्ट्रोकमध्ये तर सगळे तेच करतात.

पाईपवेडा

या प्रश्नावर मला किती लिहू असं होतं. टू-स्ट्रोकचं सगळ्यात सुंदर गणित इथेच आहे.

फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये बसतात. बोअर वाढला की हेडचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, मोठे व्हॉल्व्ह मावतात, वर स्ट्रोक लहान म्हणून आरपीएम वाढवता येतात. टू-स्ट्रोकचे पोर्ट बोअरच्या भिंतीत असतात. पोर्टची रुंदी बोअरच्या घेराशी बांधलेली, आणि अंश तेच ठेवले तर उंची स्ट्रोकशी बांधलेली. म्हणजे पोर्टचं क्षेत्रफळ बोअर गुणिले स्ट्रोकच्या प्रमाणात. सीसी मात्र बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक. भागाकार केला की उरतं एक भागिले बोअर. तेवढ्याच सीसीसाठी बोअर जितका लहान, तितकं प्रत्येक सीसीच्या वाट्याला पोर्टचं क्षेत्रफळ जास्त. फोर-स्ट्रोकच्या बरोबर उलट!

१२५ च्या गाड्यांत पूर्वी ५६ × ५०.७ सारखी मापं होती. पुढे ५४ × ५४.५ हे माप जवळजवळ सगळीकडे रुजलं. होंडाची एनएसआर ५०० सुद्धा ५४ × ५४.५ चे चार सिलिंडर होती, ४९९ सीसी. ५६ वरून ५४ वर येताना पोर्टच्या हिशेबात साडेतीन टक्क्यांहून जास्त फायदा होतो. याही पुढे स्ट्रोक का नाही वाढवायचा, तर ताईंचे त्वरणाचे आकडे आणि काकांची रिंग आडवी येते. ५४ × ५४.५ हा त्या ओढाताणीतला तोडगा आहे.

तुमचं ६४ × ५४ चांगलंच आडवं, म्हणजे बोअर स्ट्रोकहून मोठा असलेलं, आहे. ५८ केल्याने ते या तोडग्याकडे सरकतं. पण बोअर तोच राहिल्यामुळे सीसीही वाढते आणि पोर्टचं प्रमाण आपोआप सुधारत नाही. ते कानशीने आणि डोक्याने सुधारावं लागतं.

पिस्टनपोर्ट

मध्येच विचारतो. माझ्या इंजिनात रीड नाही, पिस्टनचा घेरच इनटेक उघडतो. मीही दोन मिमी पिन सरकवलेली क्रँक टाकणार आहे. मला काय वेगळं?

अंशमापक

दोन गोष्टी. तुमचं माप दिलेलं नाही, म्हणून वरच्याच मापावर इनटेक १६० अंश धरून काढलं. स्पेसर टाकून टीडीसी जागेवर ठेवलात तर इनटेक १५२ च्या जवळ येतो, म्हणजे आखडतो. स्पेसर न टाकता पिस्टन दोन मिमी वर जाऊ दिलात तर तो १५९ च्या आसपास, जवळजवळ तेवढाच राहतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. स्पेसर नसताना टीडीसीला पिस्टनचा खालचा काठही दोन मिमी वर जातो. एक्झॉस्टच्या बाजूचा घेर आखूड असेल तर तो एक्झॉस्ट पोर्टच्या तळाच्या वर निघून क्रँककेस आणि सायलेन्सर एकमेकांना उघडे पडतील. बांधणीआधी ब्लॉकमध्ये पिस्टन टीडीसीला आणून एक्झॉस्टमधून टॉर्च मारून बघा. खालून फट दिसली तर तो पिस्टन चालणार नाही.

लेथवाला

आता माझ्या कामाचं. स्ट्रोक वाढवलेली क्रँक बसवायच्या आधी हे न बघता पुढे जाऊ नका.

"चार मिमीची क्रँक" असं कुणी म्हणालं तर चार मिमी स्ट्रोक की चार मिमी पिन सरकवलेली, हे आधी विचारा. दुसऱ्या अर्थाने ती आठ मिमीची होते.

पिन बाहेर गेली की रॉडचं मोठं टोक दोन मिमी मोठ्या वर्तुळात फिरतं. क्रँककेसच्या आतल्या भिंतीला ते कुठे घासत नाही ना, हे हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा. बीडीसीला पिस्टनचा घेर क्रँकच्या चाकांजवळ येतो. तुमच्या मापात गजन पिन क्रँकच्या केंद्रापासून बीडीसीला ८३ मिमीवर असते. ५८ आणि ११० ला ती ८१ वर येते, ५८ आणि ११५ ला ८६ वर. पिन वर असलेला पिस्टन घेतला तर तिच्याखालचा घेर तेवढाच वाढतो, म्हणून हे अंतर प्रत्यक्ष पिस्टन लावूनच तपासायचं.

पिनचं भोक बाहेर गेल्याने चाकाच्या कडेला धातू कमी उरतो. पकड सैल झाली तर जोरात फिरताना चाकं एकमेकांसापेक्ष वळतात. अशा क्रँकेच्या पिनला बाहेरून वेल्डिंगचा टाका घेतात तो यासाठी. टाका घेण्याआधी क्रँक सरळ करायची, घेतल्यावर पुन्हा तपासायची. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा आणि दोन्ही टोकांना दोन-तीन शतांश मिमीच्या आत आणा. तुमची क्रँक दोन सिलिंडरची, मधल्या बेअरिंगपाशीही बघायला विसरू नका. बॅलन्सचं भोकही नव्या मापाने पाहिजे, नाहीतर हँडलला मुंग्या येतील.

अंशमापक

इग्निशनबद्दल राहून गेलं. बरेच जण टायमिंग मिमीमध्ये लावतात. ५४ आणि ११० ला टीडीसीआधी २ मिमी म्हणजे जवळजवळ २० अंश. ५८ आणि ११० ला तेच २ मिमी १९ अंश होतात. क्रँक बदलली की जुना मिमीचा आकडा सोडा, क्रँकला डिग्री डिस्क (अंश आखलेली चकती) लावून अंशांतच लावा.

बोअर_स्ट्रोक

सगळ्यांचं तीनदा वाचलं. ब्लॉकवर डिग्री डिस्क लावून माझे पोर्ट मोजले, ते ताईंनी धरलेल्या १९० आणि १२८ च्या अगदी जवळ आहेत. आता असं ठरवतोय, तपासून सांगा.

क्रँक ५८ ची, रॉड ११५ चा, गजन पिन पाच मिमी वर असलेला पातळ रिंगचा पिस्टन. ब्लॉकखाली स्पेसर नाही, मूळ जाडीचं पॅकिंग. हेड दोन मिमी खोल. सीसी साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढतेय म्हणून ज्वलनकक्षाचं घनफळही त्याच प्रमाणात वाढवायचं, म्हणजे कॉम्प्रेशन तेच राहील. स्क्विशची फट (टीडीसीला पिस्टन आणि हेडच्या कडेमध्ये उरणारी) शिशाची तार दाबून मोजेन. आरपीएम ८५०० च्या वर नेणार नाही. मग ट्रान्सफरला हात न लावता एक्झॉस्ट किती उचलावा?

अंशमापक

या मापाला ट्रान्सफर १३३.७ च्या जवळ आणि एक्झॉस्ट १९०.७ येतो. ब्लोडाऊन पुन्हा ३१ करायचा तर एक्झॉस्ट १९५.७ हवा. म्हणजे वरचा काठ १.३ मिमी वर. रॉडचा कमाल तिरपेपणा १४.६ अंश होतो, तुमच्या मूळ १४.२ च्या जवळच. ११० चा रॉड ठेवला असता तर १५.३ झाला असता. ११५ ची इथे खरी गरज आहे.

पाईपवेडा

१.३ एकदम घेऊ नका. आधी ०.८ घ्या, चालवून बघा, मग उरलेलं. काढलेला धातू परत लावता येत नाही. एक्झॉस्ट आणि पाईप एकत्रच जुळवायचे, त्यामुळे पाईप ८५०० ला मोजून नवा करावा लागेल. जुना ९००० चा असेल तर इंजिन तुम्हाला तिकडेच ओढत राहील.

जुना_फिटर

एक्झॉस्ट उचलल्यावर पोर्टच्या काठाला चॅम्फर (धार मारून कड तिरकी करणं) विसरू नका. नव्याने कापलेला काठ ब्लेडसारखा असतो आणि पातळ रिंग त्यात अडकली तर पहिल्याच फेरीत तुटते. वरच्या काठाला मध्यावर जास्त, कोपऱ्यांकडे कमी, बोटाला टोचणार नाही इतपत. चॅम्फर घेतल्यावर पोर्ट थोडा आधी उघडतो, तेव्हा डिग्री डिस्कवरचं शेवटचं माप चॅम्फरनंतरच घ्या.